शापित जंगल, विनंती थांबा

माझे वडील पहिल्यांदा माझ्या जगात आले, तेव्हा त्यांनी आधी चौकशीची खिडकी कुठं आहे ते विचारलं. त्या जगाला सात चंद्र होते, हवेत तरंगणारे डोंगर होते, राखेची राणी होती. चौकशीची खिडकी नव्हती. मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग लोक विचारतात कुणाला?"

हे जग मी आणि माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं मिळून रचलं होतं. दोघांनी टेबलाशी बसून खेळायचा खेळ असतो तो. एकानं जग चालवायचं, म्हणजे त्यातले राजे, राक्षस, पाऊस, वाटेवरचे भामटे सगळं त्यानंच व्हायचं. दुसऱ्यानं एक पात्र घडवायचं आणि त्या जगात सोडायचं. पात्र काय करतंय ते बोलून सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो. दीड वर्ष आम्ही दर रविवारी दुपारी खेळलो. मग मैत्रिणीला परदेशात नोकरी लागली आणि माझं अख्खं जग ओस पडलं. चार-पाच रविवार मी नकाशा पसरून नुसतीच बसले. त्यानंतरच्या रविवारी बाबा जेवण झाल्यावर बडीशेप चघळत समोरच्या खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी खिडकीची चौकशी केली.

बाबांची नोकरी लाल बसगाड्यांच्या स्थानकावर झाली. चौतीस वर्षं, त्यातली बहुतेक कंट्रोलर म्हणून. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल, किती वाजता सुटेल हे बघायचं आणि माइकवर सांगायचं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण कसबा पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकरची तिसरी शिट्टी वेळेवर झाली नाही तर ते अजून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात.

त्यांनी वीस बाजूंचा फासा उचलला, चष्मा वर करून बघितला आणि खाली ठेवला. "याला वीस बाजू कशाला? गाडी आहे आणि गाडी नाही, दोन पुरतात."

मग नकाशावर बोट ठेवून विचारलं, "इथून राखेच्या किल्ल्याला जायला काय आहे?"

"पंखांचे घोडे."

"किती वाजता?"

"बाबा, घोडे आहेत ते. वाटेल तेव्हा उडतात."

त्यांना माझी दया आली असावी. "वाटेल तेव्हा म्हणजे कधीच नाही," ते म्हणाले आणि माझ्याच वहीत रेघा मारायला लागले.

पुढचे दोन महिने माझ्या जगात कुणी कुणाशी लढलं नाही. आम्ही वेळापत्रक केलं. मी ऑफिसात बारा माणसांकडून कामं वेळेत करून घेते, लोक मला कडक समजतात, आणि तीच मी रविवारी पंखांच्या घोड्यांना सलग किती तास उडवता येईल याचा हिशेब करत होते. राक्षसांना मागची बाकं, कारण सामान फार. भुतांनी उभ्यानं प्रवास करायचा, त्यांचे पाय दुखत नाहीत. स्थानकाच्या आवारात ड्रॅगन आला तर धूम्रपानाच्या नियमाखाली दंड. सात चंद्रांचे त्यांनी दोन केले, कारण साताच्या भरती-ओहोटीत होडीची वेळ बसेना. शापित जंगलात थांबा नको असं मी म्हटलं. तिथं गेलेला परत येत नाही, तोच त्या जंगलाचा मुद्दा होता. "विनंती थांबा ठेवू," बाबा म्हणाले. "एखाद्याला उतरावंसं वाटलं तर?"

नियमांच्या पानावर मी गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात केली होती. त्यांनी त्याच्याही वर एक ओळ घुसवली: गाडी उशिरा सुटली तर चालेल, वेळेआधी सुटता कामा नये. मी विचारलं, हा एवढा मोठा नियम आहे का? ते म्हणाले, "उशीर झाला तर लोक शिव्या देतात. वेळेआधी सोडली तर तो गुन्हा."

मी वैतागले होते हे खरं. पण मजाही येत होती, हेही खरं.

याच दिवसांत खडकवासल्याहून आत्याचे फोन सुरू झाले. आत्या बाबांची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्न होऊन तिकडच्या शेतकरी घरात गेली आणि पन्नासहून जास्त वर्षांत तिची भाषा पार तिकडची झाली. या दोघांना एक धाकटा भाऊ होता. बेचाळीस वर्षांपूर्वी, माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा, तो एका सकाळी घरातून गेला आणि परत आला नाही. वय तेवीस. चिठ्ठी नाही, पत्र नाही. आमच्या घरात त्याचा फोटो भिंतीवर लावलेला नाही आणि कपाटातूनही काढलेला नाही.

आत्याचं म्हणणं, आता त्याचे विधी करावेत. गुरुजींनी तिला सांगितलं होतं की इतकी वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग पुढचं सगळं रीतसर होतं. सर्वपित्रीच्या आत उरकायचं आणि करायचं बाबांनीच, कारण दुसरं कुणी नाही. "मी मरायच्या आधी त्याला मार्गी लावू दे," एवढंच ती म्हणायची. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, ऐकू कमी येतं, त्यामुळं हे सगळं मला ऐकू यायचं.

"जिवंत माणसाला मी अग्नी देणार नाही," बाबा म्हणायचे.

"जिता हाय तर आन की म्होरं."

फोन ठेवून ते सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. घोड्यांच्या पाळ्या लावायच्या बाकी आहेत म्हणायचे.

वेळापत्रक संपलं त्या रविवारी मी पात्राचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यावर रकाने असतात: नाव, वय, धंदा, उंची, हात, ताकद, चपळाई, शहाणपण, भीती, ध्येय. माझी मैत्रीण पहिल्या दिवशी तलवारबाज झाली होती, काळा झगा, शापित डोळा. बाबांनी नावाची जागा कोरी सोडली. वय पासष्ट लिहिलं. धंदा: माहीत नाही. उंची पाच फूट सात, आणि पुढं कंसात, जाताना. हात: जेवायला उजवा. ध्येयाच्या रकान्यात लिहिलं, प्रवास चालू.

कोण आहे ते मला कळलं होतं, मला कळल्याचं त्यांना कळलं होतं, आणि आम्ही दोघंही चहा प्यालो. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. जग मी चालवत होते. या माणसाला कुठं न्यायचं, कुणापुढं उभं करायचं, जगवायचं की नाही, हे माझ्या हातात आलं होतं. आणि समोर बसलेला म्हातारा असा खेळत होता, जणू निकाल लागेल तो आत्याला कळवायचा आहे.

त्या पात्रानं साहस म्हणून काही केलं नाही. तरंगत्या डोंगरावर खजिना आहे असं कळलं, तेव्हा त्यानं परतीची गाडी विचारली आणि ती नाही म्हटल्यावर गेलाच नाही. राखेच्या राणीनं अर्धं राज्य देऊ केलं. "अर्ध्याची हद्द कोण मोजणार?" बाबांनी विचारलं आणि त्याला पुढच्या गाडीत बसवलं. तो खिडकीशी बसून नुसता फिरत राहिला. शेवटी माझं डोकं फिरलं. मी सरहद्दीवर एक तीन मुंडक्यांचा राक्षस उभा केला आणि तिन्ही तोंडांनी त्याच्याकडं पत्त्याचा पुरावा मागितला.

म्हटलं, आता तरी तलवार काढेल. बाबा हळूच म्हणाले, "तो त्याच्याकडं नसणार."

तीन रविवार ते त्या राक्षसापुढं अडकून होते. गुहेचं लाइट बिल चालेल का, विचारून झालं. दोन प्रतिष्ठित भुतांचं ओळखपत्र चालेल का, तेही झालं. मी म्हणत होते, बाबा, मारा की त्याला. ते म्हणत होते, ड्यूटीवरच्या माणसाला कसं मारायचं. अखेर त्यांनी राक्षसाशी नुसतं बोलायचं ठरवलं, फासा टाकला आणि वीस पडले. वीस म्हणजे पूर्ण यश. राक्षसाच्या सहाही डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं वाट सोडली. बाबा खूश होतील असं मला वाटलं, तर त्यांनी आठवडाभर तक्रार केली: असं कसं सोडलं, नियम आहे ना?

सर्वपित्रीला तीन आठवडे उरले तेव्हा आत्या स्वतःच आली. हातात विधीच्या सामानाची यादी आणि पिशवीत शेतातली पावशेर मिरची. बाबा अंघोळीला गेले होते. टेबलावर पात्राचा कागद पडला होता, तो तिनं उचलला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जिचा भाऊ बेचाळीस वर्षं सापडला नाही, तिला काय सांगायचं, की आम्ही त्याला भुतांबरोबर गाडीत बसवून खेळतोय?

बाबा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले तोवर तिचं वाचून झालं होतं.

"ताकद आठ?" ती म्हणाली.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"आठ कशी? गव्हाचं पोतं येकटा उचलायचा तो."

"पोतं तू त्याच्या पाठीवर चढवायचीस, आक्का. उचलायचा म्हणे."

"आन ह्यो उजव्या हातानं जेवतोय. डावखुरा व्हता."

"लिहायला डावखुरा. जेवायला उजवा. आईनं चटके देऊन बदलला होता."

"मला शिकवतोस?"

पुढचे तीन तास मी फक्त खोडरबर चालवला. ताकद बारा झाली. चपळाई चारवर आली, कारण तो सायकलवरून दोनदा विहिरीच्या कठड्यावर आदळला होता, आणि त्यातल्या एका वेळी सायकल उभी होती, यावर दोघांचं एकमत झालं. शहाणपण बाबांनी सहा म्हटलं, आत्यानं पंधरा. भीतीच्या रकान्यात दोघं एकदमच म्हणाली, "पाल." आता माझ्या जगात तिकीट तपासनीस पाल होती, आठ फुटांची, टोपी घातलेली. हे कळल्यावर आत्या गंभीर झाली. "तिची बदली कर," ती मला म्हणाली. "त्यो गाडीतनं उडी टाकंल." मी पालीची बदली दोन चंद्रांपलीकडं केली, तेव्हा कुठं ती चहा प्यायली.

ज्या माणसाविषयी या दोघांना मी कधी शब्द बोलताना ऐकलं नव्हतं, त्याच्या विहिरीवरच्या आपटण्यावर ती दोघं डोळे पुसून हसत होती. मला फार बरं वाटलं, अगदी भरून आलं. मग आत्यानं माझ्या नकाशावर बोट ठेवलं. "ह्याला समुद्रकिनारा दाव. समुद्राचं येड व्हतं त्याला. त्यो कोकणातच गेला असनार. आमी तीन उन्हाळे तिकडं हिंडलो फोटो घिऊन, गावं न् गावं. तुझा बाप व्हता की संगं."

बाबा पाणी आणायला आत गेले. परत आले ते तांब्या न घेताच.

निघताना आत्यानं यादी त्यांच्या हातात दिली. "येवढा ध्यानात हाय तुझ्या, आन मार्गी लावायला नगं म्हनतोस."

बाबांनी यादीची घडी घातली, उलगडली, परत घातली. हो म्हणाले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी ते आधीच टेबलाशी येऊन बसले होते, आणि माझ्या खुर्चीत. "आज जग मी चालवतो," ते म्हणाले. "तू तो हो."

"मी काकाला पाहिलंसुद्धा नाही, बाबा."

"आक्कानं सगळं लिहून दिलंय की."

"वय पासष्टच धरू?"

"तेवीस."

मी समोर बसले. आता खेळ आहे म्हटल्यावर सुरुवात कुणीतरी करायला हवी, म्हणून मी म्हटलं, मी स्थानकावर आलोय, एक तिकीट द्या.

"तिकीट गाडीत. इथं फक्त चौकशी."

"बरं. कोकणातली गाडी कुठं लागते?"

"तू कोकणच्या गाडीपाशी गेला नाहीस," बाबा म्हणाले. "तू बार्शीच्या गाडीत बसलायस. मागून तिसरं बाक, खिडकी."

जग चालवणाऱ्यानं असं काहीही सांगितलं तरी ते मान्य करायचं असतं. पण मला हसू आलं. माझ्या सगळ्या तरंगत्या डोंगरांना आणि दोन चंद्रांना ओलांडून बाबांनी बार्शी आणली होती. "बार्शीला कशाला जाईन मी? काय आहे तिथं?"

"ते मला माहीत नाही. तू बसलायस. मांडीवर पिशवी आहे, निळ्या पट्ट्यांची. माझी आहे. न विचारता घेतलीयस."

मग माझं हसू गेलं. असल्या गोष्टी कुणी बनवून सांगत नाही. बाबा टेबलाकडं बघत होते आणि त्यांचा अंगठा फाशाच्या कडेवरून फिरत होता. खेळ थांबवावा आणि त्यांना जाऊन धरावं असं मला वाटलं. पण तसं केलं असतं तर ते पुन्हा पाणी आणायला आत गेले असते. म्हणून मी काकाच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांना दादा म्हटलं.

"दादा, तू मला पाहिलंस?"

"पाहिलं. तूही पाहिलंस मला, काचेतून."

"मग?"

"आदल्या दिवशी आपलं भांडण झालं होतं. भरतीचा अर्ज मी आणला होता तुझ्यासाठी, साहेबाच्या हातापाया पडून. तू माझ्या तोंडावर फाडलास. मी नुकता कंट्रोलर झालो होतो. तुला गाडीत बघितलं आणि म्हटलं, बस, जा, उपाशी फिरशील आणि चार दिवसांत परत येशील." त्यांनी फासा मुठीत घेतला. "तू उठलास. पिशवी घेऊन उठलास, उभा राहिलास. उतरणार होतास बहुतेक. गाडीला अजून दोन मिनिटं होती."

"आणि?" मी विचारलं.

"मी सोडली," बाबा म्हणाले. "दोन मिनिटं आधी. अख्ख्या नोकरीत एकदाच."

फासा त्यांच्या हातातून सुटून टेबलाखाली गेला. तो कुणी उचलला नाही. मी काका असते तर काय म्हटलं असतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी फक्त विचारलं, "आत्याला सांगितलंत?"

बाबांनी मान हलवली. नाही. बेचाळीस वर्षं नाही. तो मेला असं एकदा मान्य केलं, की मग तो कुणामुळं मेला हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत होतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि तेवढीच कीवही आली, दोन्ही एकदम, आणि ते मी लपवलं नाही. मी रडले. ते रडले नाहीत. त्यांनी फोन घेतला, उभे राहिले आणि आत्याला लावला.

सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मग स्पीकरवर बराच वेळ फक्त तिकडच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"कंची गाडी?" आत्यानं विचारलं.

"बार्शी."

"आमी तीन उन्हाळे कोकणात हिंडलो."

"हो."

"फोटो तूच दावायचास लोकांना."

"हो, आक्का."

फोन बंद झाला. चार दिवस तिनं फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी बाबांनी निरोप ठेवला की विधी तू म्हणशील तेव्हा, तू म्हणशील तसे करतो. त्यांच्याकडं अडवायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. आत्या, हातात कापडी पिशवी, पायांत नव्या चपला.

"विधी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आधी बार्शी."

"आक्का, बेचाळीस वर्षं झाली."

"मला मोजता येतंय."

मी ऑफिसला कळवलं की घरात तातडीचं काम आहे. गाडीत आत्या माझ्याशेजारी बसली. बाबा दोन बाकं मागं, एकटे. ती त्यांच्याशी बोलली नाही, पण डबा उघडल्यावर दोन धपाटी कागदात गुंडाळून माझ्या हातून मागं पाठवली. वाटेत गाडी कुठं किती वेळ थांबते हे एरवी ते मोठ्यानं सांगत बसतात. त्या दिवशी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

बार्शीच्या स्थानकाबाहेर ऊन रणरणत होतं. आत्यानं पिशवीतून फोटो काढला, बाजूनं पिवळा पडलेला, आणि बाबांपुढं धरला. "तू दाव," ती म्हणाली. तेवीस वर्षांच्या एका मुलाचा फोटो घेऊन बहात्तर वर्षांचा माणूस चहाच्या टपरीपाशी गेला. टपरीवाला तिशीचाही नसेल. त्यानं फोटो हातात घेऊन नीट बघितला. बिचाऱ्याला वाटलं नातू आहे.

"कधी हरवला, आजोबा?"

आम्ही दोघी मागं उभ्या होतो. आत्यानं माझा दंड धरला होता.

"हरवला नाही," बाबा म्हणाले. "मी जाऊ दिला."

टपरीवाल्याला काही कळलं नाही. त्यानं मान हलवली, फोटो परत दिला आणि तीन चहा ओतले. आत्यानं माझा दंड सोडला, पुढं होऊन एक चहा बाबांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. ते पिऊन होईपर्यंत थांबली.

"चल," ती त्यांना म्हणाली. "पलीकडं सायकलचं दुकान हाय. म्हातारा दिसतोय मालक."